किशोरवयीन मुलांची मापं आणि इन्सुलिन रेझिस्टन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींची उंची, वजन आणि कंबर यांबद्दल पालक, शिक्षक आणि हल्ली बऱ्याचदा मुलं स्वतःच जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एखादं उत्तर आपल्याच घरातलं वाटलं तर जुन्या-नव्या नोंदी बरोबर घेऊन डॉक्टरांना भेटा.

१. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे मधुमेहच ना?

नाही. जेवणानंतर रक्तात साखर वाढते. ती स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींनी आत घ्यावी आणि यकृताने स्वतःजवळची साखर रक्तात सोडणं थांबवावं, हा निरोप इन्सुलिन पोचवतं. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये पेशी या निरोपाला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून काम भागवतं. साखरेचा आकडा नॉर्मल दिसतो, पण तो तसा ठेवायला स्वादुपिंड दुप्पट राबत असू शकतं.

हे राबणं झेपेनासं झालं की साखर वाढू लागते आणि पुढे टाइप २ मधुमेह होतो. प्रत्येकाची गोष्ट तिथवर जात नाही. पण ज्या मुलांची जाते, त्यांच्यात स्वादुपिंडाची ताकद मोठ्या माणसांपेक्षा वेगाने घटते आणि डोळे, मूत्रपिंड यांवरचे परिणामही लवकर दिसू लागतात. या वयात आधीच लक्ष द्यायचं ते त्यासाठी.

२. रक्तातल्या गोष्टीचा अंदाज टेपने कसा येणार?

चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे, म्हणून. मांड्या आणि नितंबांवर त्वचेखाली साठलेली चरबी तुलनेने शांत असते. पोटाच्या आत आतड्यांभोवती साठणारी चरबी तशी नसते. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात. यकृतात आणि स्नायूंत चरबी साचली की तिथल्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. शिवाय ही चरबी हलका, सततचा दाह निर्माण करणारी द्रव्यंही सोडते.

टेप पोटाचा घेर सांगतो. त्यातली त्वचेखालची चरबी किती आणि आतली किती, हे त्याला कळत नाही. ते एमआरआयसारख्या तपासणीतच दिसतं. खूप मुलांची मापं एकत्र पाहिली तर कंबर वाढते तसं उपाशीपोटीचं इन्सुलिनही वाढलेलं आढळतं. एकट्या मुलाच्या बाबतीत मात्र मोठी कंबर आणि उत्तम इन्सुलिन, किंवा नेमकं उलटं, असंही सापडतं. टेप फक्त शक्यता सांगतो. कुणाकडे आधी लक्ष द्यायचं हे ठरवायला तेवढं पुरतं, निदान करायला पुरत नाही.

३. वयात येताना इन्सुलिन रेझिस्टन्स सगळ्यांचाच वाढतो असं वाचलं. मग घाबरायचं कशाला?

वाचलंत ते खरं आहे. वयात येण्याच्या मधल्या टप्प्यात शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद साधारण एक तृतीयांशाने घटतो, अगदी सडपातळ मुलांतही. त्या काळात ग्रोथ हार्मोन वाढलेलं असतं, आणि ते इन्सुलिनच्या विरुद्ध ओढतं. वाढ पूर्ण होत आली की प्रतिसाद बराचसा पूर्ववत होतो. ही निसर्गाची तात्पुरती सोय आहे, आजार नव्हे.

पण ज्या मुलाच्या पोटावर आधीच चरबी आहे, त्याच्यावर हा नैसर्गिक ताण वरून येऊन पडतो, आणि ओसरतानाही तो पूर्ण ओसरेलच असं नाही. टाइप २ मधुमेह दहा वर्षांखाली क्वचित आणि वयात येण्याच्या सुमारास जास्त का दिसतो, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

म्हणूनच बारा वर्षांची दोन मुलं शेजारी उभी करून त्यांच्या आकड्यांची तुलना करणं चुकीचं ठरतं. एक अजून लहान मूल असेल, दुसरं वयात येऊन दोन वर्षं झालेली असतील. डॉक्टर शारीरिक वाढीचे पाच टप्पे पाहतात, त्यांना टॅनर टप्पे म्हणतात. कोणत्याही मापाचा किंवा इन्सुलिनच्या आकड्याचा अर्थ लावताना जन्मतारखेइतकाच हा टप्पा माहीत हवा. दुर्दैवाने रिपोर्टवर तो कुठेच छापलेला नसतो.

४. बीएमआय २३ आला. मोठ्यांच्या तक्त्यात नॉर्मल आहे. मग मुलाला 'जास्त वजन' का म्हणाले?

मुलांना एकच ठरलेली सीमारेषा लागू होत नाही. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. ही कल्पना आदॉल्फ केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाची, १८३२ च्या आसपासची, आणि ती मोठ्या माणसांच्या मोजमापांवर बेतलेली होती. मुलांचा बीएमआय वयाबरोबर आपोआप बदलतो: पहिल्या वर्षानंतर पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि मग प्रौढ होईपर्यंत चढत राहतो. त्यामुळे १० वर्षांच्या मुलाचा २३ आणि १८ वर्षांच्या मुलाचा २३ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून वय आणि लिंगानुसार आखलेला ग्रोथ चार्ट वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या चार्टमध्ये सरासरीपेक्षा एक प्रमाणित विचलन (मुलांचे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत, त्याचं माप) वर गेलं की जास्त वजन आणि दोन वर गेलं की स्थूलता धरतात. १९ व्या वर्षी या रेषा मोठ्यांच्या २५ आणि ३० ला जाऊन मिळतात. अमेरिकी चार्टमध्ये ८५ वं आणि ९५ वं पर्सेंटाइल वापरतात; ८५ वं पर्सेंटाइल म्हणजे त्याच वयाच्या शंभरांतल्या ८५ मुलांपेक्षा आकडा वर. चार्ट बदलला की तेच मूल एका गटातून दुसऱ्या गटात जाऊ शकतं, तेव्हा दरवेळी एकाच चार्टवर खूण करा.

एकट्या खुणेपेक्षा खुणांनी बनणारी रेषा कितीतरी जास्त बोलते. सातव्या वर्षापासून ८० व्या पर्सेंटाइलवर स्थिर असलेल्या मुलापेक्षा दोन वर्षांत ५० वरून ८० वर गेलेल्या मुलाकडे आम्ही आधी पाहू.

५. कंबर नेमकी कुठे मोजायची? दरवेळी वेगळाच आकडा येतो.

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि बहुतेक वेळा दोष मुलाचा किंवा टेपचा नसून जागेचा असतो. पँटचा पट्टा बसतो ती जागा म्हणजे कंबर नव्हे. बेंबीची पातळीही भरवशाची नाही, कारण पोट पुढे आलं की बेंबी खाली सरकते.

मूल सरळ उभं राहू दे, पायांत थोडं अंतर, हात सैल. बगलेतून खाली एक सरळ रेषा कल्पून त्या रेषेवर शेवटच्या बरगडीची खालची कड बोटाने चाचपा. मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये खूण करा. टेप तिथूनच फिरवायचा. काही ठिकाणी कमरेच्या हाडाच्या लगेच वर मोजण्याची पद्धत आहे. तीही चुकीची नाही, पण तिचा आकडा वेगळा येतो. एक पद्धत धरलीत की तीच ठेवा आणि नोंदीशेजारी लिहून ठेवा.

टेप न ताणला जाणारा हवा. शिवणकामाचा जुना कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून लांबलेला असतो. एकदा पट्टीशी ताडून पाहा. टेप सगळीकडून जमिनीला समांतर राहायला हवा, पाठीमागे तो हमखास खाली घसरतो, म्हणून आरशात पाहा किंवा मागून कुणाला बघायला सांगा. अंगाला टेकेल पण रुतणार नाही इतकाच आवळा. आणि आकडा वाचायचा तो साधा श्वास सोडून झाल्यावर. 'पोट आत घेऊ नकोस' असं सांगितलं की मुलं नेमकं ते आत घेतात. त्याऐवजी एखादं वाक्य बोलायला सांगा, बोलून संपलं की पोट आपोआप सैल पडतं.

भरल्यापोटी मोजू नका. दोनदा मोजा; दोन मापांत एक सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजा. इतकं करूनही अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे होणारच, तेवढ्या फरकावरून 'वाढली' किंवा 'कमी झाली' म्हणू नका.

उंचीचंही तसंच. चपला काढून, टाचा भिंतीला, नजर समोर. दिवसभरात माणसाची उंची सेंटिमीटरभर कमी होते, म्हणून दरवेळी साधारण एकाच वेळेला मोजा.

हे सगळं मुलाला विचारून, आडोशाला आणि पातळ कपड्यांवर करा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना टेप स्वतःच्या हाताने लावायचा असेल तर लावू द्या.

६. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, हा नियम मुलांनाही लागू आहे का?

हो, आणि घरच्या घरी वापरायला तो सगळ्यात सोपा आहे. कंबरेला उंचीने भागायचं, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. उंची १६० आणि कंबर ८२ असेल तर ८२ भागिले १६०, म्हणजे ०.५१. उंची वाढते तशी कंबरही थोडी वाढते, त्यामुळे वयानुसार वेगळा तक्ता जवळपास लागत नाही. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य मार्गदर्शन संस्थेने २०२२ मध्ये पाच वर्षांवरील मुलांसाठीही याचा विचार करायला सांगितलं: ०.४ ते ०.४९ ठीक, ०.५ ते ०.५९ वाढलेला धोका, ०.६ च्या पुढे जास्त धोका.

०.४९ म्हणजे अभय आणि ०.५० म्हणजे संकट, असा मात्र त्याचा अर्थ नाही. पाचव्या प्रश्नात सांगितलेली एका सेंटिमीटरची चूकसुद्धा तुम्हाला या रेषेच्या अलीकडे-पलीकडे नेऊ शकते.

७. माझ्या मुलाचा आणि त्याच्या मित्राचा बीएमआय सारखाच. माझ्या मुलालाच रक्ततपासणी का सांगितली?

समजा दोघंही १३ वर्षांचे, १५६ सेंटिमीटर उंच, ५६ किलो. बीएमआय दोघांचा २३. एकाची कंबर ७२ सेंटिमीटर, म्हणजे गुणोत्तर ०.४६. दुसऱ्याची ८३, म्हणजे ०.५३. वजनकाट्याला हे दोघं सारखेच, पण दुसऱ्याचं वजन पोटाशी एकवटलंय. त्यात त्याच्या आईला किंवा वडिलांना मधुमेह असेल तर तपासणी सांगणं रास्तच. कुणाला कोणती तपासणी, ते १४ व्या प्रश्नात आहे.

८. कंबर आणि नितंबांचं गुणोत्तर, मानेचा घेर, चिमट्याने त्वचेची घडी: हेही मोजायचं का?

घरी गरज नाही. वयात येताना, विशेषतः मुलींचे, नितंब रुंदावतात. कंबर तेवढीच राहूनही गुणोत्तर बदलतं, त्यामुळे या वयात ते फसवं ठरतं. मानेचा घेर मोजायला सोपा आहे, कपडे बाजूला करावे लागत नाहीत, आणि इन्सुलिन रेझिस्टन्सशी त्याचा संबंधही दिसतो. पण सगळीकडे मान्य अशी सीमारेषा नाही.

पाठीवर खांद्याच्या हाडाखाली आणि दंडाच्या मागे चिमट्याने घडी मोजली तर धडावरची चरबी जास्त की हातापायांवरची, हे कळतं. ते काम सराव असलेल्या हातांचं आहे. जाड घडी चिमट्यात नीट बसत नाही, म्हणजे जिथे माप हवं तिथेच ते डगमगतं. चरबीचे टक्के दाखवणारे वजनकाटे शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतात. खेळून घाम गाळून आल्यावर आणि सकाळी उठल्यावर ते एकाच मुलाबद्दल वेगवेगळं सांगतात.

९. टीएमआय हे नवीन माप काय आहे?

वजनाला उंचीच्या वर्गाऐवजी घनाने भागायचं. ५६ किलो आणि १.५६ मीटर असेल तर साधारण १४.८ येतं. कल्पना शंभर वर्षं जुनी आहे, २०१७ च्या सुमारास ती किशोरवयीनांसाठी पुन्हा चर्चेत आली. या वयात हा आकडा वयानुसार फारसा बदलत नाही आणि शरीरातल्या चरबीचा अंदाज बीएमआयपेक्षा बरा देतो. कंबरेची जागा तो घेऊ शकत नाही, कारण चरबी कुठे आहे हे त्यालाही कळत नाही.

१०. मुलगी काटकुळी आहे, फक्त पोट थोडं पुढे आहे. तिला कसा असेल इन्सुलिन रेझिस्टन्स?

असू शकतो. बारीक हातपाय, कमी स्नायू आणि तुलनेने जास्त चरबी, ही ठेवण दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत जास्त आढळते. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच शरीरांचं उदाहरण जगासमोर ठेवलं. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. ते दोघं प्रौढ होते, पण ही ठेवण जन्मापासून दिसते: कमी वजनाच्या बाळांतही चरबीचा वाटा त्या मानाने जास्त सापडला आहे.

जन्मतः वजन कमी होतं आणि पहिल्या काही वर्षांत ते झपाट्याने वाढलं, अशा मुलांकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं. अशा वेळी बीएमआयच्या समाधानावर थांबू नका, सहाव्या प्रश्नातला हिशोब करून पाहा. आणि तिला 'कमी खा' म्हणू नका. तिला स्नायू हवे आहेत: खेळ, चढणं, उचलणं, आणि पुरेसं प्रथिनयुक्त जेवण.

११. मुलगा कुस्ती खेळतो, बीएमआय ९० व्या पर्सेंटाइलवर आहे. स्थूल म्हणायचं का?

त्याची कंबर मोजा. गुणोत्तर ०.४५ च्या आसपास असेल आणि दंड-मांड्या भरलेल्या असतील तर वजन स्नायूंचं आहे, आणि साखर सगळ्यात जास्त स्नायूच रिचवतात. मात्र अंगमेहनतीच्या खेळातही वरच्या वजनी गटासाठी मुद्दाम वजन वाढवणाऱ्या मुलांची कंबर वाढलेली सापडते. खेळाडू आहे म्हणून मोजायचंच नाही, असं करू नका.

१२. मानेवर काळा पट्टा आहे, घासून निघत नाही. साबण बदलू का?

कृपया घासणं आधी थांबवा. तो मळ नाही. मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत त्वचा काळसर, जाडसर आणि मखमलीसारखी झाली असेल तर रक्तातलं वाढलेलं इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावत असण्याची शक्यता मोठी आहे. याला अ‍ॅकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. या पट्ट्यावरून 'नीट आंघोळ करत नाहीस' म्हणून बोलणी खाल्लेली मुलं आम्हाला नेहमी भेटतात. ते ऐकून फार वाईट वाटतं, कारण शरीर जे सांगत होतं त्याचीच त्यांना शिक्षा झालेली असते.

कंबर वाढलेली आणि त्यात हा पट्टा, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. आतलं इन्सुलिन उतरलं की पट्टा हळूहळू फिका होतो, पण त्याला महिने लागतात. सडपातळ मुलात तो अचानक आणि झपाट्याने उमटला तर कारण वेगळं असू शकतं, तेव्हा वाट पाहू नका.

१३. होमा-आयआर ३.४ आला आणि रिपोर्टवर '२.५ पेक्षा कमी हवा' असं छापलंय. आम्ही हादरलोय.

हादरू नका. १९८५ मध्ये मांडलेलं हे एक गणित आहे: उपाशीपोटीचं इन्सुलिन गुणिले उपाशीपोटीची साखर, भागिले ४०५. इन्सुलिन १६ आणि साखर ८६ असेल तर ३.४ येतं. रिपोर्टवरचा २.५ हा आकडा सहसा मोठ्यांचा असतो. तिसऱ्या प्रश्नात सांगितलेल्या कारणाने वयात येणाऱ्या निरोगी मुलाचा आकडाही त्याहून वर जातो. किशोरवयासाठी वेगवेगळ्या अभ्यासांनी वेगवेगळ्या सीमा सुचवल्या आहेत, आणि त्यांतली एकही सर्वमान्य नाही.

त्यात इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक वेगळ्या. सुई टोचताना घाबरलेलं मूल, आदल्या रात्रीचं जागरण, नुकताच येऊन गेलेला ताप, पहाटे गुपचूप खाल्लेलं बिस्किट, हे सगळं त्या एका आकड्यात उतरतं. खरं मोजमाप 'क्लॅम्प' पद्धतीचं, त्यात काही तास शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन हिशोब मांडतात. ते संशोधनातच होतं. मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१० मध्येच सांगितलं होतं की सरसकट चाळणीसाठी उपाशीपोटीचं इन्सुलिन मोजू नये. रिपोर्ट हातात आलाच आहे तर तो कंबर, मानेवरचा पट्टा आणि १४ व्या प्रश्नातल्या तपासण्या यांच्या शेजारी ठेवून वाचायचा.

१४. मग तपासायचं काय, आणि कधी?

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचा सल्ला ढोबळमानाने असा: बीएमआय ८५ व्या पर्सेंटाइलला किंवा त्यापुढे असेल आणि जोडीला एखादी जोखीम असेल, तर वय १० किंवा वयात येण्याची सुरुवात, यांतलं जे आधी येईल तेव्हापासून साखर तपासावी आणि नॉर्मल आली तरी तीन वर्षांनी पुन्हा पाहावी, वजन भराभर वाढत असेल तर त्याआधीच. जोखमी म्हणजे जवळच्या नात्यात टाइप २ मधुमेह, आईला गरोदरपणात मधुमेह, जन्मतः कमी वजन, मानेवरचा काळा पट्टा, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलची तक्रार, पीसीओएस (मुलींमधला अंडाशयांचा हार्मोनविकार) आणि दक्षिण आशियाईसारखा जास्त धोक्याचा वंश.

उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ पासून मधुमेह. ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९ हा उंबरठा आणि २०० पासून मधुमेह. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के आणि ६.५ पासून पुढे, तसंच. काही त्रास नसेल तर एकाच तपासणीवर शिक्का मारत नाहीत, ती पुन्हा करून खात्री करतात.

एक पेच इथे लक्षात ठेवा: लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं, आणि थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसारख्या आजारांत ते फसवं ठरतं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलामुलींत म्हणून साखर थेट मोजावी.

यांबरोबर रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) आणि यकृताचं एएलटी हे एन्झाइम पाहतात. ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली, ही जोडी इन्सुलिन रेझिस्टन्सची जुनी सोबतीण आहे.

१५. साखर नॉर्मल आली. म्हणजे विषय संपला?

साखरेपुरता, आज. पहिल्या प्रश्नात सांगितलं तसं साखर सगळ्यात शेवटी बिघडते. कंबर-उंचीचं गुणोत्तर ०.५ च्या वर असेल तर नॉर्मल साखर ही वेळेत मिळालेली चांगली बातमी समजा आणि १९ वा प्रश्न वाचा.

१६. दोन आठवड्यांपासून मुलगा सारखं पाणी पितोय, लघवीला उठतोय आणि वजन उतरलंय. कंबर कमी झाली, हे चांगलंच ना?

नाही. त्याच दिवशी साखर तपासून घ्या. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा ग्लानी असेल तर थेट रुग्णालयात न्या. हा टाइप १ मधुमेहही असू शकतो आणि त्यात उशीर जिवावर बेततो. जाड मुलाला टाइप १ होत नाही, ही समजूत चुकीची आहे.

१७. मुलीची पाळी अनियमित आहे, सोनोग्राफीत पीसीओएस आला. इन्सुलिनचा संबंध आहे का?

संबंध आहे: जास्तीचं इन्सुलिन अंडाशयांना पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. पण निदानाची घाई नको. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती अनियमित असणं स्वाभाविक आहे. पहिल्या ते तिसऱ्या वर्षात चक्र २१ दिवसांहून लहान किंवा ४५ हून मोठं राहिलं तर विचार करायचा. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं, कारण या वयात अंडाशयात बऱ्याच पुटिका दिसणं नेहमीचं असतं. मुरुमं, चेहऱ्यावरचे दाट केस आणि लांबलेलं चक्र एकत्र असेल तर कंबर, रक्तदाब आणि साखर जरूर पाहा.

१८. वजन वाढतंय पण उंची दोन वर्षांत जेमतेम वाढली. हेही इन्सुलिनच का?

इथे थांबून वेगळा विचार करा. जास्त खाणं आणि कमी हालचाल यांमुळे वजन वाढलेली मुलं बहुतेकदा वयाच्या मानाने उंच असतात. वजन वर आणि उंचीची रेषा आडवी, असं चित्र दिसलं (आणि वाढीचं वय अजून संपलेलं नसेल) तर थायरॉइड किंवा कॉर्टिसॉलचा आजार शोधावा लागतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांतही हेच घडतं; काही मानसोपचाराच्या औषधांनी वजन आणि इन्सुलिन रेझिस्टन्स वाढतो. मापांची वही दाखवताना औषधांची यादीही दाखवा. औषध मनाने बंद मात्र करू नका.

कणा वाकलेला असेल किंवा मूल व्हीलचेअर वापरत असेल तर उंचीवर बेतलेली सगळीच गणितं चुकतात. तिथे दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर उंचीऐवजी घेतात. बसून मोजलेली कंबर उभ्याने मोजलेल्या कंबरेहून मोठी येते, म्हणून अशा मुलाची तुलना फक्त त्याच्या स्वतःच्या जुन्या मापांशी करायची.

१९. तीन महिने रोज खेळतोय, वजन एक किलोही उतरलं नाही. उपयोग काय?

खूप आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत घेतो, आणि चांगल्या व्यायामानंतर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद पुढचा दिवस-दोन दिवस सुधारलेला राहतो. वजन तसूभर न हलता हे होतं. म्हणून एकदाच तीन तास खेळण्यापेक्षा रोज खेळणं बरं. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायूंना जोर लावणारे प्रकार सांगते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा प्रतिसाद काही दिवसांतच घटतो. गोड पेयं बंद करणं, हा जेवणातला सगळ्यात सोपा आणि फायद्याचा बदल.

वाढत्या मुलाचं वजन उतरायलाच हवं असंही नाही. १५० सेंटिमीटर आणि ५६ किलोला बीएमआय २४.९ येतो. तेच मूल ५६ किलोवर राहून १५६ सेंटिमीटर झालं की बीएमआय २३ होतो. फक्त उंचीने त्याला पुढे नेलं.

मापं तीन महिन्यांतून एकदा पुरेत. दर आठवड्याला मोजलं तर हाती टेपची चूक तेवढी लागते, आणि मुलाचा जीव मेटाकुटीला येतो.

२०. यासाठी मेटफॉर्मिन देतात ना?

टाइप २ मधुमेह असेल तर १० वर्षांपुढे ते मान्यताप्राप्त औषध आहे. नुसत्या इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी मात्र नाही. काही विशेष परिस्थितीत तज्ज्ञ ते देतात, पण त्यामुळे १९ व्या उत्तरातलं काहीच टळत नाही. दुसऱ्याच्या मुलाला दिलं म्हणून आपल्या मुलाला देऊ नका.

२१. मी १५ वर्षांची आहे. घरी सगळे माझ्या पोटावरूनच बोलतात. मी जेवण बंद केलं तर महिन्यात कंबर कमी होईल का?

तू विचारलंस हे फार बरं केलंस. जेवण बंद करू नकोस. उपाशी राहिलीस तर चरबीबरोबर स्नायूही झिजतील, आणि तुझ्या शरीरात साखर रिचवणारे तेच आहेत. पाळी लांबेल, उंची आणि हाडं अजून वाढत असतील तर त्यांचंही नुकसान होईल, आणि मग एकदम खूप खावंसं वाटेल. तो तुझा दोष नसेल, उपाशी शरीर तसंच वागतं.

पोट कुठे सुटतं यात आईवडिलांकडून आलेल्या ठेवणीचा मोठा वाटा आहे. तू ठरवू शकतेस अशा गोष्टी म्हणजे झोप, रोजचा खेळ किंवा नाच, आणि गोड पेयं. घरच्यांना हे उत्तर वाचायला दे. मोजायचं असेल तर तीन महिन्यांनी, तुझ्या परवानगीने आणि तुझ्याच हाताने. आकडा चारचौघांत बोलायचा नाही, हे त्यांना आमच्यातर्फे सांग. आणि जेवण टाळणं, खाल्लेलं उलटून काढणं किंवा दिवसभर आरशातच अडकून पडणं सुरू झालं असेल, तर ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे त्यांना आजच सांग आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. तिथे टेप लागणार नाही.